आठव्या मैलावरची भिंत

डेट्रॉइटच्या उत्तर सीमेवरून पूर्व-पश्चिम धावणारा एट माइल रोड दिसायला अगदी सामान्य रस्ता आहे. दोन्ही बाजूंना पेट्रोल पंप, जुन्या गाड्यांचे विक्रेते, टायरवाले, दारूची दुकाने आणि मधूनच एखादे चर्च. पण पुण्याहून किंवा चाकणहून इथल्या वाहन उद्योगात नोकरीला येणाऱ्या मराठी इंजिनिअरला घर शोधण्याआधीच जे दोन सल्ले मिळतात, त्यांतला पहिला या रस्त्याविषयी असतो: "एट माइलच्या खाली, म्हणजे दक्षिणेला शहरात, घर बघू नका." दुसरा असतो, "आधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघा, मग घर." (स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे ज्या हद्दीत राहिल्याने मुलांना तिथल्या सरकारी शाळा मिळतात ती हद्द.) हे दोन सल्ले मुळात एकच आहेत, आणि त्या एका सल्ल्याच्या पोटात या शहराचा शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

सल्ला देणाऱ्यांच्या मनात खोट नसते. आपल्याला आलेले अनुभव, शाळांचे गुण, घरांच्या किमती आणि गाडीच्या विम्याचे दर यांचा हिशेब करूनच ते बोलत असतात. पण हा सल्ला ज्या सुरात दिला जातो, तो हवामानाविषयी बोलताना असतो तसा असतो. जणू रस्त्याच्या एका बाजूला समृद्धी आणि दुसऱ्या बाजूला ओसाडी ही निसर्गानेच वाटून दिली आहे. मग ओघाने १९६७ चा विषय निघतो. "ती दंगल झाली, गोरे लोक पळाले, शहर बसले," अशी तीन वाक्यांत कथा आटोपते. या तीन वाक्यांचा क्रम चुकीचा आहे, एवढेच मला इथे दाखवायचे आहे. दंगल काचा फुटल्या त्या रात्री सुरू होते असे आपण मानतो. डेट्रॉइटमध्ये ती कर्जाच्या अर्जांत, नकाशांत, खरेदीखतांत आणि रस्त्यांच्या आराखड्यांत कित्येक वर्षे आधीपासून लिहिली जात होती.

एट माइल आणि वायोमिंग अव्हेन्यू यांच्या परिसरात घरांच्या परसांमागून एक काँक्रीटची भिंत जाते. उंची सहा फूट, लांबी सुमारे अर्धा मैल. आज तिचा काही भाग मुलांच्या मैदानाच्या कडेला आहे आणि त्यावर रंगीबेरंगी चित्रे काढलेली आहेत. १९४१ मध्ये ती बांधली गेली तेव्हा या भागात कृष्णवर्णीयांची एक वस्ती आधीपासून होती आणि तिला लागूनच्या मोकळ्या जमिनीवर एका विकासकाला गोऱ्या ग्राहकांसाठी घरे बांधायची होती. केंद्र सरकारच्या फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनने तिथल्या कर्जांना विमा द्यायला नकार दिला, कारण कृष्णवर्णीय शेजार म्हणजे जोखीम असे त्यांच्या नियमांत बसत होते. विकासकाने मधे भिंत घातली आणि विमा मंजूर झाला. सहा फुटांची भिंत कोणाही धडधाकट माणसाला ओलांडता येते, तिच्या दोन टोकांना वळसा घालून तर लहान मूलही पलीकडे जाईल. माणसे अडवण्यासाठी ती बांधलेलीच नव्हती. एका सरकारी फाइलमधला एक रकाना बदलावा, एवढेच तिचे काम होते आणि ते तिने चोख केले.

हा विमा एवढा महत्त्वाचा का होता, हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. १९३० च्या आधी अमेरिकेत घरासाठी कर्ज घ्यायचे तर साधारण निम्मी किंमत आधी भरावी लागे आणि उरलेली काही थोड्या वर्षांत फेडावी लागे; म्हणजे सामान्य कामगाराला स्वतःचे घर ही दूरचीच गोष्ट होती. महामंदीत बँका आणि घरमालक दोघेही बुडू लागल्यावर १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन आणि १९३४ मध्ये ही हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झाली. सरकार कर्जाला विमा देऊ लागल्याने बँका थोड्या अनामत रकमेवर दीर्घ मुदतीचे कर्ज देऊ लागल्या. अमेरिकेचा घरमालक मध्यमवर्ग या व्यवस्थेतून उभा राहिला. त्याच काळात शहरांचे नकाशे रंगवले गेले. उत्तम वस्ती हिरवी, चांगली निळी, उतरती पिवळी आणि धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ न चुकता लाल. लाल रंगाच्या आत घरे कशी आहेत, माणसे काय कमावतात, हप्ते वेळेवर भरतात की नाही, हे प्रश्न गौण होते.

लाल रंगाच्या आत राहणाऱ्याला घर घ्यायचेच असेल तर त्याच्यापुढे एक वेगळा मार्ग असे, तो म्हणजे थेट विकणाऱ्याशी हप्त्यांचा करार. या करारात शेवटचा हप्ता भरून होईपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राही. किंमत चढी, व्याज चढे, दुरुस्ती घेणाऱ्याने करायची, आणि एखादा हप्ता चुकला की घरही जाई आणि तोवर भरलेले पैसेही. हप्ते भागवण्यासाठी लोक घरात भाडेकरू ठेवत, खोल्यांचे तुकडे पाडत, मग घर लवकर जीर्ण होई आणि ते जीर्ण घर पाहून नकाशा रंगवणारा म्हणे, बघा, आम्ही लाल रंग दिला तो उगीच नाही. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल करून ठेवलेली असली की गरिबी ही गरिबाच्या स्वभावातूनच उगवते असे वाटू लागते.

हे लोक डेट्रॉइटला आले कुठून? १९१० ते १९७० या काळात दक्षिणेकडील राज्यांतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले. दक्षिणेत शेतीतली वेठ, कर्जाचा फास आणि झुंडींचे खून होते. उत्तरेत कारखाने होते. हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि त्या बातमीचा परिणाम दूरवर झाला. १९१० मध्ये डेट्रॉइटमध्ये सहा हजारांहूनही कमी कृष्णवर्णीय होते, १९३० मध्ये ते एक लाख वीस हजार झाले. कारखान्यात त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा ओतशाळा येई, म्हणजे उष्णता, धूर आणि भाजण्याचा धोका. राहायला ब्लॅक बॉटम आणि पॅराडाइज व्हॅली या दोन वस्त्या. जागा तेवढीच आणि माणसे वीसपट, त्यामुळे पडक्या खोल्यांनाही भाडे मात्र चढे. तरीही हेस्टिंग्ज स्ट्रीटवर त्यांची स्वतःची दुकाने, दवाखाने, उपाहारगृहे, चर्च आणि संगीताची ठिकाणे उभी राहिली. मुष्टियोद्धा जो लुई याच वस्तीत वाढला.

या वस्तीबाहेर पाऊल टाकणाऱ्याचे काय होई, याचे उदाहरण १९२५ चे आहे. ऑसियन स्वीट हे कृष्णवर्णीय डॉक्टर. त्यांनी गार्लंड स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या वस्तीत, घर घेतले. ते राहायला आले आणि बाहेर शेकडोंचा जमाव जमला, दगड पडू लागले, पोलीस उभे राहून पाहत होते. घरातून गोळ्या सुटल्या आणि बाहेरचा एक जण मेला. डॉक्टर, त्यांची पत्नी, भाऊ आणि मित्र अशा अकरा जणांवर खुनाचा खटला भरला गेला. नामवंत वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी बचाव केला, पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि १९२६ मध्ये डॉक्टरांचे भाऊ हेन्री निर्दोष ठरले. खटला जिंकला, पण ज्या माणसाकडे पदवी, पैसा आणि सभ्य व्यवसाय हे सगळे होते, त्याला स्वतःच्या घरात पहिल्या रात्रीपासून बंदुका घेऊन बसावे लागले, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. "शिका, कमवा, मग कोणी अडवत नाही," हे आपल्याकडे वडीलधारे ज्या विश्वासाने सांगतात, तो विश्वास गार्लंड स्ट्रीटवर चालला नाही.

दुसऱ्या महायुद्धात तणाव आणखी वाढला. जून १९४३ मध्ये पॅकार्ड या मोटार कंपनीच्या कारखान्यात तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती दिली म्हणून सुमारे २५ हजार गोऱ्या कामगारांनी काम बंद केले, तेही लढाऊ विमानांची इंजिने बनत असताना. त्याच महिन्याच्या २० तारखेला बेल आइल या बेटावरच्या उद्यानात भांडणे सुरू झाली आणि अफवांवर स्वार होऊन शहरभर पसरली. ३४ माणसे मेली, त्यांतली २५ कृष्णवर्णीय. त्यांपैकी १७ पोलिसांच्या गोळ्यांनी. पोलिसांनी मारलेल्यांत गोरा एकही नव्हता.

कायदा हळूहळू बदलत होता, हेही सांगितले पाहिजे. त्या काळी खरेदीखतातच अट घातलेली असे की हे घर गोऱ्या वंशाखेरीज कोणाला विकता किंवा वापरायला देता येणार नाही. डेट्रॉइटमध्ये मॅकगी या कृष्णवर्णीय दांपत्याने अशा घरात राहायला जाऊन न्यायालयात लढा दिला, कृष्णवर्णीय वकील थरगुड मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली आणि १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट लुइसच्या शेली खटल्याबरोबरच निकाल दिला, की अशा अटी न्यायालये अमलात आणू शकत नाहीत. पण अटीचे बळ गेल्यावर तिची जागा इतर गोष्टींनी घेतली. वस्तीवस्तीत घरमालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. दलाल एका बाजूने गोऱ्यांना घाबरवून स्वस्तात घरे विकायला लावत आणि दुसऱ्या बाजूने तीच घरे कृष्णवर्णीयांना महाग विकत. सरोवराकाठच्या ग्रोस पॉइंट या उपनगरात तर चक्क गुणपत्रिका होती. घर घेऊ इच्छिणाऱ्याची खासगी गुप्तहेराकडून चौकशी व्हायची आणि त्वचेचा रंग, बोलण्याची ढब, राहणीमान यांवर गुण दिले जायचे. पोलिश माणसाला ५५ गुण लागत, ज्यू माणसाला ८५. कृष्णवर्णीयांना आणि आशियाई लोकांना गुण द्यायचेच नाहीत, कारण त्यांचा विचारच करायचा नव्हता. ही पद्धत १९६० मध्ये उघडकीला आली. आज तिथे घर घेताना आपल्यापैकी कोणाला हे आठवत असेल असे वाटत नाही.

याच सुमारास शहराच्या आराखड्यावर नवे रस्ते उमटू लागले. पन्नाशीच्या दशकात 'नागरी नूतनीकरण' या नावाखाली ब्लॅक बॉटम पाडले गेले. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या जागी क्रायस्लर फ्रीवे आला, आणि महामार्गांचा बहुतांश खर्च केंद्र सरकार उचलत असल्याने नगरपालिकेला तो जवळजवळ फुकट पडला. पाडलेल्या काही जमिनी वर्षानुवर्षे गवत उगवून पडून राहिल्या. पुढे तिथे लाफायेट पार्क ही देखणी वसाहत झाली, पण तिथली भाडी उठवलेल्या कुटुंबांना परवडणारी नव्हती. माझ्याबरोबर काम करून आता निवृत्त झालेले एक कृष्णवर्णीय गृहस्थ लहानपणी त्या भागात राहत. त्यांचे वडील भाडेकरू होते, शिंपीकाम करत. दुकान गेले त्याचे पैसे मिळाले नाहीत, गिऱ्हाईक पांगले त्याची तर नोंदही नाही. "आम्हाला कोणी मारले नाही," ते एकदा म्हणाले, "फक्त रस्ता आला." त्याच फ्रीवेने गोऱ्या कुटुंबांना उपनगरात राहून शहरात नोकरीला येणे सोपे करून दिले. एकाच काँक्रीटने दोन कामे केली.

उठवलेली माणसे गेली कुठे, हा प्रश्न विचारला की १९६७ दिसू लागते. त्यांतले बरेच जण पश्चिमेला ट्वेल्फ्थ स्ट्रीटच्या आसपास गेले. तिथली मूळची ज्यू वस्ती उपनगरांकडे सरकत होती आणि कृष्णवर्णीयांना घर मिळेल अशा जागा शहरात मोजक्याच होत्या. एका कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये दोन-तीन कुटुंबे राहू लागली. आणि नेमक्या याच वर्षांत कामेही दूर चालली होती. १९४७ ते १९५८ या काळात तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांनी (जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर) महानगर क्षेत्रात २५ नवे कारखाने बांधले, ते सगळे उपनगरांत, बहुतेक शहराच्या मध्यापासून १५ मैलांहून दूर. स्वयंचलित यंत्रांनी हातांची गरज कमी केली. पॅकार्ड १९५६ मध्ये बंद झाला. १९४७ ते १९६३ या काळात शहरातल्या कारखान्यांतल्या एक लाख तीस हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. सर्वांत शेवटी घेतलेला कामगार सर्वांत आधी काढायचा हा नियम असल्याने पहिला घाव कोणावर पडला हे वेगळे सांगायला नको. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती. १९६० मध्ये ती १६ लाख ७० हजारांवर आली होती. "दंगलीमुळे शहर रिकामे झाले" असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. दंगलीला तेव्हा सात वर्षे अवकाश होता.

विशेष म्हणजे त्या काळी डेट्रॉइटकडे देशभर आदर्श शहर म्हणून पाहिले जात होते. महापौर जेरोम कॅव्हानॉ १९६१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतांवर निवडून आले होते आणि गरिबी हटवण्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनहून बराच निधी आणला होता. शहराचे दोन कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, होते. १९६३ च्या जूनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत सव्वा लाख लोक वुडवर्ड अव्हेन्यूवरून चालले होते. पण पोलीस दलात सुमारे ९५ टक्के गोरे होते, आणि चार-चार पोलिसांच्या गाड्या वस्तीतून फिरत, तरुणांना थांबवत, अपमान करत, मारत. आदर्श शहराच्या निधीचा या गाडीपर्यंत पोहोचणारा मार्ग कोणी आखलेला नव्हता.

२३ जुलै १९६७, रविवारची पहाट. ट्वेल्फ्थ स्ट्रीट आणि क्लेअरमाउंटच्या कोपऱ्यावर वरच्या मजल्यावर बिनपरवाना मद्यालय होते. अशा ठिकाणांवर छापे नेहमीचेच. त्या रात्री व्हिएतनाम युद्धाशी संबंधित सैनिकांसाठी मेजवानी होती, आणि थोडीच माणसे सापडतील अशा समजुतीने गेलेल्या पोलिसांना आत ऐंशीहून अधिक माणसे सापडली. सगळ्यांना अटक करायचे ठरले. त्यांना न्यायला गाड्या येईपर्यंत वेळ गेला, रस्त्यावर गर्दी जमली, एक बाटली फेकली गेली. सकाळी काँग्रेस सदस्य जॉन कॉनियर्स मोटारीच्या टपावर उभे राहून कर्ण्यातून शांततेचे आवाहन करू लागले, तेव्हा लोकांनी त्यांना, आपल्याच निवडून दिलेल्या माणसाला, ओरडून आणि वस्तू फेकून परत पाठवले. लुटालुटीत गोरेही होते. पाच दिवसांत ४३ माणसे मेली, त्यांत ३३ कृष्णवर्णीय. सात हजारांहून अधिक जणांना अटक झाली, दोन हजारांहून अधिक इमारती जळाल्या किंवा लुटल्या गेल्या. नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव दलाचे अननुभवी आणि बहुतांशी गोरे जवान अंधारात दिसेल त्यावर गोळ्या झाडत होते. घरात पेटलेल्या सिगारेटचा उजेड लपलेल्या बंदूकधाऱ्याचा समजून त्यांनी केलेल्या गोळीबारात चार वर्षांची एक मुलगी मेली. नंतर आलेल्या नियमित सैन्याच्या पॅराट्रूपर्सनी, ज्यांच्यात बरेच कृष्णवर्णीय सैनिक होते, सगळ्या काळात मिळून २०१ गोळ्या झाडल्या. अटक झालेल्यांना ठेवायला तुरुंग पुरेनात, तेव्हा बेल आइलवरच्या स्नानगृहात कैदी कोंडले गेले; हे तेच बेट, जिथे १९४३ मध्ये ठिणगी पडली होती.

त्या उन्हाळ्यात दीडशेहून अधिक ठिकाणी असे उद्रेक झाले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉयचे गव्हर्नर ऑटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली अकरा जणांचा आयोग नेमला. यात बहुतेक सगळे मध्यममार्गी, प्रस्थापित लोक होते, कृष्णवर्णीय फक्त दोन. एखादा कट, एखादा बाहेरचा चिथावणीखोर सापडेल अशी अनेकांची अपेक्षा होती. आयोगाला कट सापडला नाही. लोकांच्या तक्रारींत सर्वांत तीव्र तीन आढळल्या: पोलिसांची वागणूक, बेकारी आणि अपुरे काम, आणि घरांची अवस्था. दंगलीत उतरलेला सरासरी तरुण त्याच शहरात वाढलेला आणि न उतरलेल्या शेजाऱ्यापेक्षा थोडा अधिक शिकलेला होता. देश दोन समाजांकडे चालला आहे, एक कृष्णवर्णीय आणि एक गोरा, वेगळे आणि विषम, असे अहवालाने म्हटले. आणि त्याहून कठोर वाक्य असे, की कृष्णवर्णीयांची ही कोंडलेली वस्ती गोऱ्या संस्थांनी निर्माण केली, गोऱ्या संस्था ती टिकवतात आणि गोरा समाज ती चालवून घेतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी आयोगापुढे साक्ष देताना आठवण करून दिली होती, की १९१९ च्या शिकागो दंगलीचा अहवाल वाचा, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या १९३५ आणि १९४३ च्या दंगलींचे वाचा, लॉस एंजेलिसमधल्या वॉट्सच्या १९६५ च्या दंगलीचा वाचा. तेच निदान, तेच उपाय आणि तीच निष्क्रियता. कर्नर अहवालाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. जॉन्सन यांनी तो बाजूला ठेवला. अहवाल आल्यावर दीड महिन्याच्या आत, ४ एप्रिल १९६८ रोजी, किंग यांची हत्या झाली आणि शंभरावर शहरे पुन्हा पेटली. त्या धुरात, ११ एप्रिलला, घरांच्या व्यवहारातला भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा एकदाचा झाला.

इथे आमच्यासारख्यांचा प्रवेश होतो. मंडळाच्या गणेशोत्सवानंतर जेवणाच्या रांगेत मी एक वाक्य अनेकदा ऐकले आहे: "आपणही रिकाम्या हातांनीच आलो होतो ना? मग आपण वर आलो, त्यांना का जमत नाही?" रिकाम्या हातांनी आलो हे अर्धेच खरे. ज्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने उघडले, तो ३ ऑक्टोबर १९६५ रोजी सही झाला, म्हणजे वॉट्स पेटल्यानंतर दोन महिन्यांच्या आत आणि मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या चळवळीने घडवलेल्या वातावरणात. त्या कायद्याने आणि पुढच्या व्हिसांनी आमच्यातून पदवीधर, डॉक्टर, इंजिनिअर असे निवडून घेतले. आमच्या पदवीचा खर्च बहुधा महाराष्ट्रातल्या करदात्याने उचललेला होता. चाळणीतून काढून आणलेल्या माणसांनी, चाळणी कधी लावलीच नाही अशा संपूर्ण समाजाशी स्वतःची तुलना करावी, हे मला गणिताच्याही दृष्टीने पटत नाही. शिवाय आम्ही आलो तेव्हा घरकर्ज नाकारणारा नियम कायद्याने संपला होता. तो ज्यांनी संपवायला लावला, ते मात्र त्याचे व्याज अजून भरत होते.

या सुरक्षिततेलाही मर्यादा आहे. १९८२ च्या जूनमध्ये, जपानी मोटारींमुळे डेट्रॉइटचे कामगार बेकार होत असताना, डेट्रॉइटच्या पोटात असलेल्या हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगाशी संबंधित दोन गोऱ्या माणसांनी बेसबॉलच्या बॅटने मारले आणि चार दिवसांनी तो मेला. न्यायाधीशाने त्यांना तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड केला. तुरुंगवास शून्य.

मराठी वाचकाला यातले काही अगदी परके वाटू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे मांडल्या जाणाऱ्या अर्जाची माहिती मागवली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांचे सहकारी यांनी दलित पँथर उभी केली, ती नावासकट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून. गावकूस काय असते आणि त्याच्या आत व बाहेर पाणी, जमीन, काम कसे वाटले जाते, हे ज्या भाषेत कोणाला समजावून सांगावे लागत नाही, त्या भाषेच्या माणसांनी एट माइलकडे पाहून "हे असेच असते" म्हणावे, याचा मला राग येतो.

कायदा बदलल्यावरही रेषा कशी टिकली, याचे उत्तर शाळांत आहे. १९७२ मध्ये जिल्हा न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी आदेश दिला, की डेट्रॉइटच्या शाळांतला वंशभेद शहरापुरता मिटवणे अशक्य असल्याने आजूबाजूचे ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट त्यात धरावेत. त्याआधीच, ऑगस्ट १९७१ मध्ये, शेजारच्या पाँटिअॅकमध्ये मुलांना मिश्र शाळांत नेणाऱ्या दहा बसगाड्या क्लू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी स्फोटाने उडवल्या होत्या. जुलै १९७४ मध्ये मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रॉथ यांचा आदेश रद्द केला. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना यात ओढता येणार नाही. थरगुड मार्शल तोवर त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाले होते. महानगरांची अशी दोन शहरांत फाळणी होऊ देणे सोपे वाटेल, पण लोकांना त्याचा पुढे पश्चात्ताप होईल, असे त्यांनी विरोधी मतात लिहिले. त्या दिवसापासून डिस्ट्रिक्टची हद्द हीच भिंत झाली, आणि "आधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघा" हा सल्ला अर्थपूर्ण झाला. यात कोणाला कोणाचा द्वेष करण्याची गरज उरली नाही. चांगली शाळा शोधणारे आईवडील पुरेसे होते.

कागदाचे काम पुढेही थांबले नाही. २०१० ते २०१६ या काळात शहराने घरांची किंमत फुगवून धरल्यामुळे घरमालकांवर किमान ६० कोटी डॉलर जादा मालमत्ताकर लावला गेला, असे डेट्रॉइट न्यूजने दाखवून दिले. त्या कराच्या थकबाकीपायी असंख्य घरे जप्त झाली. मध्ये २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. आणि यातले बरेच काही कृष्णवर्णीय महापौर, कृष्णवर्णीय अधिकारी यांच्या काळात घडले, म्हणून काही जण त्याकडे विजयी मुद्रेने बोट दाखवतात. १९७४ मध्ये कोलमन यंग पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून खुर्चीवर बसले तेव्हा कारखाने, करदाते आणि शाळांचा पैसा हद्दीबाहेर गेलेला होता. रिकामी तिजोरी चालवताना त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी चुका केल्या, काही गुन्हेही केले. एका महापौराला तुरुंगात जावे लागले. पण तिजोरी रिकामी कोणी केली हा वेगळा प्रश्न आहे.

मी राहते ते नोव्हाय हे शहर एट माइलच्या उत्तरेला आहे. भारतीय किराणा, मुलांना गणित शिकवणारे वर्ग, जपानी आणि भारतीय शेजारी, नावाजलेल्या शाळा. अनेक वर्षे इथे उपनगरी बससेवा येत नव्हती, कारण प्रत्येक गावाला त्या सेवेतून आणि तिच्या करातून बाहेर राहण्याची मुभा होती आणि नोव्हायने ती घेतली होती. रोचेस्टर हिल्सनेही घेतली होती. २०१५ मध्ये डेट्रॉइटमधल्या एका कामगाराची बातमी देशभर गाजली. तो रोचेस्टर हिल्समधल्या कारखान्यात कामाला येताना-जाताना, बस जिथे संपते तिथून पुढे, दिवसाला सुमारे २१ मैल चालत होता. लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली आणि एका मोटार विक्रेत्याने त्याला मोटार भेट दिली. माझ्या ऑफिसात दोन दिवस त्याच्या जिद्दीचे कौतुक चालले होते. बस का नाही, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या ओकलंड काउंटीत मतदान झाले, की बससाठी सगळ्या काउंटीवर एकच कर असावा आणि बाहेर राहण्याची मुभा रद्द व्हावी. आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॅप गटावर आठवडाभर वाद झाला. कर वाढेल, रिकाम्या बसगाड्या फिरतील, हे आक्षेप होते आणि ते रास्त म्हणता येतील असे होते. मग एका देशी शेजाऱ्याने लिहिले, की बस आली की "तिकडचे लोक" इकडे येतील. त्याला अंगठे बरेच मिळाले. मी उत्तरादाखल फक्त एवढे विचारले, की आपल्या किराणा दुकानात, रुग्णालयात, मॉलमध्ये आणि आपल्या आईवडिलांची काळजी घ्यायला रोज जे लोक तिकडूनच येतात, ते कसे येतात असे तुम्हाला वाटते. कोणी उत्तर दिले नाही, दुसरा विषय सुरू झाला. ठराव मंजूर झाला. आता बस नोव्हायपर्यंत येते. मॉलच्या थांब्यावर संध्याकाळी गणवेशातल्या कामगारांबरोबर पदवीच्या पहिल्या वर्षातली, गाडी नसलेली आपली मराठी मुलेही उभी असतात. डेट्रॉइट शहराची बससेवा आणि उपनगरांची बससेवा मात्र आजही दोन वेगळ्या संस्था चालवतात.